गटारीच्या आत रामेन : सहा आठवड्यांच्या नोंदी

८ जून, रविवार

ठरलंय. यंदा गटारीला कोंबडी-वडे नाहीत, रामेन, म्हणजे सूपातल्या जपानी नूडल्स. आई, बाबा, मी आणि डोंबिवलीहून दादा, वहिनी, पुतण्या, म्हणजे सहा वाट्या. गटारी अमावस्या २४ जुलैला आहे पण नेमका गुरुवार आलाय, आई गुरुवारी खात नाही, बिल्डिंगमधली अर्धी घरं खात नाहीत, म्हणून आमची गटारी २० जुलैच्या रविवारी. हातात बरोबर सहा आठवडे.

नूडल्स घरी करायच्या, पाकीट नाही. सूप कोंबडीचं पण दाट पांढरं, ज्याला पाइतान म्हणतात ते. डुकराच्या हाडांचं टोन्कोत्सू आमच्या ओट्यावर चालणार नाही, तो विषय मी काढलाच नाही.

आज पहिलं सूप. चिकनवाल्याकडे पाय मागितले तर म्हणे "डॉग के लिए?" मी हो म्हटलं, दीड किलो ६० रुपयांत दिले. दोन सांगाडेही घेतले. चार लिटर पाणी, कांदा, आलं, मीठ, मोठ्या आचेवर सहा तास उघड्या टोपात.

वाट लागली. एक म्हणजे पाय नुसते धुऊन टाकले, आधी उकळी काढून ते पाणी फेकायला हवं होतं, त्यामुळे सगळा करडा फेस सूपातच गोल गोल फिरत राहिला. नखंही काढली नव्हती. दुसरं, मीठ. रश्शाची सवय, हात आपोआप डब्याकडे गेला. चार लिटरचं आटून पावणेदोन लिटर झालं, मीठ मात्र तेवढंच, आणि त्यावर सोया घातल्यावर तोंडात घालवेना. रामेनच्या सूपात मीठ नसतंच, सगळा खारटपणा वाटीच्या तळाशी घालतात त्या सोयाच्या अर्कातून येतो, त्याला तारे म्हणतात. मी आज जे तोडले ते वेगळे तारे.

आईने त्यात बटाटे आणि भरपूर पाणी घालून रस्सा केला, दोन दिवस पुरला. शेजारच्या काकूंनी खिडकीतून विचारलं, काय शिजतंय एवढं. सहा तासांच्या गॅसचा हिशोब बिल येईल तेव्हा.

१४ जून, शनिवार

सूप बाजूला, आधी नूडल्स. रामेनच्या नूडल्स पिवळसर आणि रबरासारख्या चिवट असतात त्या अंड्यामुळे नाही, पाण्यात क्षार असतो म्हणून. कान्सुई म्हणतात, सोडियम आणि पोटॅशियम कार्बोनेट. मला इथे कुठे मिळालं नाही म्हणून खायचा सोडा ओटीजीत, म्हणजे छोट्या इलेक्ट्रिक ओव्हनमध्ये भाजायचा, त्यातला कार्बन डायऑक्साइड आणि पाणी उडून जातं आणि सोडियम कार्बोनेट उरतं. १०० ग्रॅम सोडा नीट भाजला तर साधारण ६३ ग्रॅम उरायला पाहिजे, बाकी कशावर विश्वास ठेवू नका, वजन करा.

माझा १२० डिग्रीवर एक तास ठेवून ७४ ग्रॅम भरला. म्हणजे कच्चा. आमच्या ओटीजीच्या डायलवर १२० म्हणजे आत किती ते त्यालाच माहीत. परत १५० वर दीड तास, मग ६४. चालेल.

मग मी अक्कल पाजळली, हा सोडा पाण्यात विरघळवला तो अॅल्युमिनियमच्या पातेलीत. थोड्या वेळाने बघतो तर पातेली आतून काळी. क्षार अॅल्युमिनियमला खातो. स्टील किंवा काच वापरा. आणि ही पावडर हाताने चिवडू नका, बोटं चुरचुरतात, चमचा घ्या.

आई काळ्या पातेलीकडे बघून म्हणाली, "पापडखार आहे हा, एवढं काय नाटक, वाण्याकडे मिळतो." उडदाच्या पापडाचं पीठ घट्ट व्हावं म्हणून आजी हाच घालायची. मी पापडखाराचं पाकीट आणून बघितलं, आत नक्की कार्बोनेट किती आणि बायकार्बोनेट किती ते काही लिहिलेलं नाही, म्हणून माझा भाजलेलाच वापरतोय, पण गोष्ट तीच हे आईचं बरोबर. हे मी तिला सांगितलेलं नाही.

१५ जून, रविवार

मैदा ३०० ग्रॅम, पाणी पोळीच्या कणकेसारखं अंदाजाने. मऊ छान गोळा झाला, लाटला, कापला, उकळत्या पाण्यात टाकला आणि एका मिनिटात त्याची शेवयांची खीर. फेकलं.

दुसऱ्यांदा वजनाने. १०० मैद्याला ३८ ग्रॅम पाणी, बस. हे पीठ मळलं जातच नाही, भगरीसारखं मोकळं राहतं आणि असं वाटतं की आपण चुकलोय आणि पाणी घालावं. घालायचं नाही. पिशवीत भरून दाबून अर्धा तास झाकून ठेवायचं, पाणी आपोआप आत मुरतं. पीठ पिवळं झालेलं बघून बाबांनी विचारलं हळद घातलीस का. मैद्यातलेच काही घटक क्षार लागला की पिवळे पडतात.

इथपर्यंत ठीक, पण पोळपाट-लाटण्याने हे लाटणं माणसाचं काम नाही. अर्धा तास अंगाचा भार टाकून लाटलं, पोळी झाली तीन मिलिमीटरची आणि कडा फाटक्या. उकडल्यावर चव मात्र बरोब्बर, तो क्षाराचा थोडासा वास, तो चिवटपणा. म्हणजे रेसिपी बरोबर, हत्यार चूक.

२१ जून, शनिवार

खरेदी. मरीन लाइन्सला उतरून लोहार चाळीतून क्रॉफर्ड मार्केट, वरून पाऊस, एका हातात छत्री. हाताने फिरवायचं पास्ता मशीन २३५०, जपानी पद्धतीचा सोया सॉस ४२०, कोंबू म्हणजे वाळवलेला समुद्री शेवाळाचा पट्टा ४८०, नोरी म्हणजे शेवाळाचेच कागदासारखे पातळ तुकडे २६०. मशीनसाठी दोन दुकानांत घासाघीस केली, ५० रुपये सुटले, तेवढे लिंबू सरबत आणि वडापावात गेले.

सोयाबद्दल एक. घरात चायनीजवाला काळा सोया होता, पहिल्या सूपात तोच वापरला होता. त्यात रंगासाठी कॅरॅमल असतं, फ्राइड राइसला ठीक आहे पण थेट सूपात कडवट लागतो. बाटलीवर घटक वाचा, सोयाबीन, गहू, मीठ, पाणी एवढंच असेल ती घ्या. बाकी कुठेही पैसे वाचवा, इथे नको.

२२ जून, रविवार

मशीन ओट्याला बसत नाही. त्याचा शिकंजा इंचभर जाडीचा आहे आणि आमच्या ग्रॅनाइटच्या ओट्याला पुढे पट्टी लावून ती कड दोन इंच केलेली. डायनिंग टेबलला खाली आडवी फळी. शेवटी इस्त्रीच्या टेबलावर लावलं, ते हँडल फिरवलं की स्वतःच चालायला लागतं, बाबांना त्यावर हात दाबून उभं केलं. घेण्याआधी ओट्याची कड मोजा, एवढं साधं मला सुचलं नाही.

मैद्याबद्दल. माझ्या पाकिटावर १०० ग्रॅमला १० ग्रॅम प्रोटीन लिहिलंय, कमी पडतं. गव्हाचं ग्लुटेन पावडरमध्ये मिळतं, २१० रुपयांना पाव किलो. ६०० ग्रॅममध्ये ५८० मैदा आणि २० ग्लुटेन धरलं की १२ च्या आसपास जातं. मीठ ६ ग्रॅम, भाजलेला सोडा ६ ग्रॅम, पाणी २२८. मीठ आणि सोडा आधी पाण्यात पूर्ण विरघळवा.

पहिल्यांदा मशीनमधून काढताना पट्टी चिंध्या होऊन येते, घाबरू नका, दुमडून परत घाला, पाच-सहा वेळा केलं की सॅटिनच्या कापडासारखी होते. हे झाल्यावर मी एवढा खूश झालो की नूडल्स कापून ताटात ढीग करून ठेवला आणि फोनवर बोलत बसलो. वीस मिनिटांत एकच गठ्ठा. ही जूनची हवा आहे, दमट, मीठसुद्धा बरणीत ओलं होतंय. कॉर्नफ्लोर सढळ हाताने भुरभुरायचं, प्रत्येकाचा वेगळा पेढा करून ठेवायचा, आणि पंख्याखाली दहा मिनिटं.

२९ जून, रविवार

सूपात मिसळायच्या माशाच्या अर्काचा दिवस. जपानमध्ये यासाठी निबोशी वापरतात, छोटे मासे उकडून वाळवलेले. ऑनलाइन बघितलं, त्या किमतीत मी घरी पापलेट आणीन. आणि १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, घरोघरी आता सुकंच चाललंय, तर डोक्यात आलं की निबोशी बहुतेक तिकडच्या अँचोवीचे असतात आणि आपली मांदेली त्याच कुळातली. बोरिवलीच्या बाजारात मावशींकडून सुकी मांदेली घेतली, १५० रुपयांची. बोंबील नको, त्याचा वास सगळ्यांना झाकून टाकतो. मावशी म्हणाल्या चटणीला ना, मी म्हटलं सूपला, त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी पुढे बोललो नाही.

३० ग्रॅम मांदेली आणि १० ग्रॅम कोंबू ६०० मिली पाण्यात, सरळ गॅसवर, खळाखळा उकळलं. कडू. कोंबू उकळला की बुळबुळीत होतो तो त्रास वेगळा. आई कडूचं कारण बघताक्षणी सांगून मोकळी झाली, डोकी आणि पोटं काढली नाहीस. सुकट साफ करायला ती जन्मभर बसतेय आणि मी तिला एका शब्दाने विचारलं नाही.

संध्याकाळी परत. डोकी-पोटं काढून मांदेली कोरड्या तव्यावर मंद भाजली, मग कोंबूबरोबर गार पाण्यात रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी मंद आचेवर, तळाशी बुडबुडे यायला लागले की कोंबू बाहेर, मग मांदेली दहा मिनिटं, गाळलं. हे पाणी चमच्याने चाखलं आणि दोन मिनिटं कोणाशी बोललो नाही. कोंबूमधलं ग्लुटामेट किकुनाए इकेदा नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने १९०८ मध्ये वेगळं काढलं आणि त्या चवीला उमामी म्हटलं, सुक्या माशात इनोसिनेट असतं, दोन्ही एकत्र आले की चव बेरजेपेक्षा जास्त वाढते. आपण सुकट घालून वांगं करतो तेव्हा काय होत असेल याचा विचार करतोय.

५ जुलै, शनिवार

सूप, दुसरी चढाई. आता चिकनवाल्याला खरं सांगितलं की माणसांसाठी आहे तर भाव ८० रुपये किलो झाला. खोटंच बोला.

पाय दीड किलो, नखं कात्रीने कापून, सांगाडे एक किलो. उकळत्या पाण्यात पाच मिनिटं, सगळं पाणी फेकून नळाखाली एकेक घासून धुतलं. मग आमचा मोठा कुकर, साडेतीन लिटर पाणी, मीठ नाही, आईने मिठाचा डबाच उचलून वर ठेवला. पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर ५० मिनिटं. कुकर अर्ध्याच्या थोडा वर, त्याहून जास्त भरू नका, हे चिकट पाणी शिट्टीच्या भोकात जातं.

उघडल्यावर पाय बोटाने दाबले तरी सुटतात. पण सूप पांढरं नाही, पिवळं पारदर्शक आणि वर तेलाचा थर. कारण पांढरेपणा चरबी आणि जिलेटिन फेटले गेल्यामुळे येतो आणि बंद कुकरमध्ये बारीक आचेवर पाणी जवळजवळ स्थिर असतं. झाकण काढून मोठ्या आचेवर ४० मिनिटं ढवळत उकळलं, दुधाळ व्हायला लागलं, आणि मला धीर धरवला नाही.

रवीने घुसळून बघितलं, बरं झालं पण पूर्ण नाही. मग गरम सूप मिक्सरच्या भांड्यात. इथून पुढचं कोणी करू नका. बटण फिरवल्याबरोबर वाफेने झाकण उडालं आणि सूप टाइल्सवर, ट्यूबलाइटवर आणि माझ्या मनगटावर. भाजलं ते थोडक्यात, पण ट्यूबलाइटवरचा चिकट थर दोन दिवस निघत नव्हता, त्याच जिलेटिनचा डिंक झाला. शेजारच्या काकूंकडून हँड ब्लेंडर आणला, हाडं गाळून टोपातच एक मिनिट फिरवला, झालं. इतकंच करायचं होतं.

रात्री फ्रिजमध्ये ठेवलेलं सकाळी खरवसासारखं थरथरत होतं, चमचा उभा राहिला.

६ जुलै, रविवार

आषाढी एकादशी. फ्रिजमधल्या खालच्या कप्प्यात कोंबडीची जेली, वरच्यात साबुदाण्याची खिचडी. आईने मधे पेपर घातला. काम बंद.

१३ जुलै, रविवार

किरकोळ गोष्टी एका दिवसात.

अंडी : फ्रिजमधून काढून थेट उकळत्या पाण्यात. साडेसात मिनिटांत पिवळा बलक घट्ट झाला, आपली अंडी लहान असतात. सहा मिनिटं, मग बर्फाच्या पाण्यात. सोया, पाणी, साखरेत बुडवून चार तास बस. चोवीस तास ठेवलेलं एक अंडं लोणच्यासारखं लागलं.

मांस : बोनलेस तंगडी चामडीसकट गुंडाळून बांधायची. इथे चिकनवाला न विचारता चामडी काढून टाकतो, सुरी उचलायच्या आधी सांगा. माझी पहिली खेप त्यातच गेली. काढलेली चामडी मात्र वाया घालवली नाही, कांद्याची पात, लसूण, आलं घालून कढवून तिचं तेल केलं, वाटीवर चमचाभर सोडायला.

तारे : सोया १५० मिली, साखर ३० ग्रॅम, आणि मिरिन म्हणजे तांदळाची गोड जपानी वाइन आणायचा कंटाळा म्हणून नाशिकची पांढरी वाइन १०० मिली, आधी ती एकटी उकळून दारूचा वास घालवला मग बाकीचं. उरलेली बाटली दादासाठी.

बांबू : हे मेन्मा म्हणून आंबवलेलं मिळतं, महाग. पण जुलै आहे, स्टेशनबाहेर रानभाज्यांवाल्या बायका बसतात, त्यांच्याकडे वास्ते मिळाले, बांबूचे कोवळे कोंब, ४० रुपयांचे. कच्चे अजिबात खायचे नाहीत, विषारी असतात, सायनाइड तयार होतं त्यातून. पातळ कापून झाकण न ठेवता उकळले, दोनदा पाणी बदललं, कडवटपणा गेल्यावर तिळाच्या तेलात आणि सोयात परतले. आंबट चव नाही आली, पण बाबा नुसतेच वाटीत घेऊन बसले.

१९ जुलै, शनिवार

सूप, अर्क, तारे, तेल तयार. सूप २ लिटर आणि अर्क पाव लिटर मिसळून ठेवला, सगळा अर्क घातला तर कोंबडी हरते. नूडल्सचं पीठ मळून रात्रभर फ्रिजमध्ये. त्यावर राखाडी ठिपके दिसले, क्षार एका जागी राहिला होता असं वाटतंय. पुन्हा मळलं.

२० जुलै, रविवार

सकाळी अकरापर्यंत नूडल्सचे सहा पेढे तयार. दीडला सगळे आले.

हिशोब असा होता की मोठ्या टोपात नूडल्स दीड मिनिट, दुसऱ्या शेगडीवर सूप, वाट्या गरम पाण्याने शेकून तळाशी दोन टेबलस्पून तारे, एक तेल, मग ३२० मिली सूप, मग नूडल्स झटकून. दोन-दोन वाट्या, तीन फेऱ्या.

पहिल्या दोन वाट्या मी ठेवल्या बाबांसमोर आणि दादासमोर. आणि दोघं हात बांधून बसले. का? तर सगळे बसू दे, मग सुरू करू. मी ओरडतोय आतून, खा, मऊ पडतील, आणि बाबा म्हणतायत, अरे तू पण ये, आई पण येऊ दे, घाई काय आहे. तिसरी फेरी होईपर्यंत नऊ मिनिटं गेली आणि पहिल्या दोन वाट्यांमधल्या नूडल्स बोटाएवढ्या फुगल्या. सहा आठवडे सगळ्याची प्रॅक्टिस केली, पंगतीची केली नव्हती. दुसऱ्या फेरीत पीठाने पाणी दाट झालं होतं तेही लक्षात आलं नाही, सहा जणांना पाच-सहा लिटर पाणी लागतं, माझं साडेतीन होतं.

शेवटच्या दोन वाट्या आईच्या आणि माझ्या. आईने आधी सूप चाखलं, मग नूडल्स, मग काही न बोलता वाटी दोन्ही हातांनी उचलून कढीसारखा भुरका मारला. पुतण्या लगेच म्हणाला आजी आवाज करते. त्याला सांगितलं की जपानात असंच खातात, मग जे काही चालू झालं ते वहिनीला पुढचा अर्धा तास थांबवता आलं नाही.

बाबांनी फुगलेल्या नूडल्स सगळ्या संपवल्या, वर म्हणाले छान आहे, थोडं तिखट असतं तर. दादाने त्यात खरंच लसणीची सुकी चटणी घातली. मी बघितलं नाही असं केलं. नंतर थोडी घालून बघितली. चांगली लागते.

२४ जुलै, गुरुवार

दीप अमावस्या. आईने दिवे घासले, कणकेचे गोड दिवे केले. मी हिशोब घासला.

मशीन २३५०, क्रॉफर्डचं बाकी ११६०, ग्लुटेन २१०, मैदा-सोडा-अंडी-वास्ते ५४०, सगळ्या फेऱ्यांचं चिकन १४८०, मांदेली १५०, वाइन ६५०. एकूण ६५४०. गॅसचं बिल अजून आलेलं नाही. फक्त रविवारचं सामान मोजलं तर वाटीला १७० च्या आसपास. फेकलेलं पीठ सव्वा किलो, रविवार पाच, पातेली एक.

पुढच्या वेळी नूडल्स सहाही पेढे एकदम मोठ्या टोपात आणि माणसं आधी बसलेली, वाटी नंतर. पण ती वेळ आता चातुर्मास उलटल्यावर.

भाजलेला सोडा ४० ग्रॅम उरलाय. आईने तो घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत भरून पेपराच्या तुकड्यावर पेनाने "पापडखार, नवीन" असं लिहून चिकटवलंय. उन्हाळ्यात उडदाच्या पापडांना वापरणार म्हणाली, इस्त्रीचं टेबल धरायला मी लागणार नाही एवढी खात्री मी करून घेतली.